राजीनामा दिला की घेतला?

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींच्या धाकट्याचे विम्याचे पैसे मंजूर झाले! हो हो, तेच. नोकरी गेली तर गृहकर्जाचे हप्ते आम्ही भरू म्हणाले होते आणि वेळ आल्यावर हात वर केले, तेच. गॅस बारीक करून या हवं तर. मीही घरात देवाला फुलं काढते असं सांगूनच आलेय.

मला सकाळी कळलं, आणि तेही खुद्द वहिनींकडून. गेटपाशी उभ्या राहिल्या आणि एवढ्या मोठ्याने सांगितलं की... म्हणजे सांगत होत्या मला, पण ऐकवायचं होतं तगरवाल्या काकूंना. काकू पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी तो पाइप एका कुंडीत जो धरला तो धरलाच. कुंडी भरली, वाहिली, मातीसकट पाणी अंगणात आलं, तरी बाईंचं लक्ष नाही! मग एकदम म्हणाल्या, "अरे वा, छान झालं की." पण ते "छान" असं काही आलं तोंडातून, की मलाच कसंसं झालं.

काकूंचा चेहरा का पडला ते तुम्हाला मी काय सांगायचं? "त्याने स्वतःहून सोडली हो नोकरी, आजकालच्या पोरांना जरा कोणी बोललेलं सोसत नाही," असं चैत्रापासून कॉलनीभर कोण सांगत होतं? मी नाव घेत नाही. आणि विमा कंपनीच्या पत्रात तरी काय होतं? तेच! स्वतःहून सोडली, सबब पैसे मिळणार नाहीत. इंग्रजीत होतं, एवढाच काय तो फरक.

पण खोटं कशाला बोलू, काकूंचं तरी काय चुकलं? हे त्यांच्या कानावर घातलं कोणी? वहिनींनीच! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, आंबेडाळीची वाटी हातात देताना, माझ्यादेखत. "आमच्या धाकट्याने जॉब सोडला बरं का. स्वतःचं काहीतरी करायचं म्हणतोय." आणि वर हसल्या. मला तेव्हाच ते हसणं पटलं नव्हतं. पन्ह्याचा पेला ठेवताना हात थरथरत होता त्यांचा. पण आईने तरी काय म्हणावं, सांगा? एकतीस वर्षांचा मुलगा, स्थळं चालू आहेत. मुलीकडचे आधी विचारतात फ्लॅट कुठे, मग विचारतात पॅकेज किती, आणि मुलाचं नाव तिसरं. त्या स्थळांसाठीच तर पुनावळ्याला फ्लॅट बुक केला. आता फ्लॅट आहे, हप्ता आहे, आणि पॅकेजच नाही म्हटल्यावर... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, नोकरी गेली कशी ते. तो काही स्वतःहून सोडणारा मुलगा नव्हे. इथून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये काढायचा बिचारा, कधी कुरकुर नाही. त्या दिवशी घरूनच काम चालू होतं. दुपारी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांची मीटिंग लागली. समोर त्याचा मॅनेजर नाही, एचआरमधली एक मुलगी. गोड आवाजात म्हणाली, कंपनीचं रिस्ट्रक्चरिंग आहे, तुमची पोझिशन राहत नाही. संध्याकाळपर्यंत राजीनामा पाठवलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, वर दोन महिन्यांचा पगार. नाही पाठवलात तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते दिसणारच. राजीनाम्याचा मसुदासुद्धा त्यांनीच पाठवला हो! याने फक्त नाव घातलं. वहिनी बाहेरच्या खोलीत मटार सोलत होत्या. त्या म्हणतात, दार उघडून आला आणि म्हणाला, "आई, चहा करतेस?" एवढंच. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा सांगितलं.

हे काही नवीन आहे का? २०१७ साली ती ऑडिओ क्लिप नाही का फिरली होती, सगळ्यांच्या फोनवर आली होती. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, म्हणून महिंद्रांच्या कंपनीतली एचआरवाली तिथल्या एका मुलाला सांगतेय. शेवटी आनंद महिंद्रांनी स्वतः जाहीर माफी मागितली. तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. मग विसरलो.

बरं, आता त्या विम्याचं. तो घेतला कधी हे त्या घरात कोणालाच धड आठवेना! वहिनी म्हणतात, बँकेचा मुलगा घरी आला होता, टाय लावून, फार सभ्य. डायनिंग टेबलवर कागद पसरले आणि "इथे सही, इथे सही" करत सुटला. पन्नास लाखांचं कर्ज. मग म्हणे, "सर, हे लोन प्रोटेक्शन, सगळेच घेतात, याने फाइल लवकर मूव्ह होते." अपघात आहे, मोठा आजार आहे आणि नोकरी गेली तर तीन हप्ते कंपनी भरणार. ७२,००० रुपये. आत्ता खिशातून काही द्यायचं नाही, कर्जातच मिळवून टाकू. घ्या! म्हणजे कर्ज झालं पन्नास लाख बहात्तर हजार. विमा घेतल्याशिवाय कर्ज देणार नाही असं बँकेला म्हणता येत नाही, विमाकाकांनी नंतर सांगितलं. पण तो मुलगा कुठे तसं म्हणाला होता? फाइल लवकर मूव्ह होते, एवढंच म्हणाला. हुशार असतात मेले.

तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. नोकरी गेल्यावर महिनाभराने धाकट्याला ती पॉलिसी कपाटात सापडली. वहिनींच्या जिवात जीव आला. चव्वेचाळीस हजारांचा हप्ता, तीन महिन्यांचे सव्वा लाखाच्या वर होतात. क्लेम टाकला. त्यांनी मागितलं टर्मिनेशन लेटर. याच्याकडे काय, तर रिलीव्हिंग लेटर. त्यात लिहिलेलं, स्वतःच्या इच्छेने राजीनामा दिला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जूनमध्ये नकाराचं पत्र आलं. राजीनामा पॉलिसीत बसत नाही, फाइल बंद. दोन ओळी! तसंही या पॉलिसीत काय बसत नाही त्याचीच यादी लांबलचक असते हो. राजीनामा नाही, प्रोबेशनवर असताना काढलं तर नाही, काम नीट नाही म्हणून काढलं तर नाही, कॉन्ट्रॅक्टवर असाल तर नाही, स्वतःचा धंदा असेल तर नाहीच नाही. आणि पॉलिसी घेतल्यावर पहिले काही महिने तर काहीच नाही. मला एक सांगा, मग राहिलं कोण?

वहिनींचे भाऊ वकील आहेत, ठाऊक आहे ना? तेच ते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कलमं सांगतात. ते आले तावातावाने. "मी नोटीस ठोकतो, कोर्टात खेचतो!" दोन तास बोलले, पोहे खाल्ले, चहा दोनदा. वहिनींचे यजमान गप्प. त्यांना कोर्ट म्हटलं की घाम फुटतो, भाडेकरूच्या केसमध्ये अर्धी नोकरी गेली त्यांची. शेवटी तेच उठले, चपला घातल्या आणि समोरच्या विमाकाकांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला गेले असतील.

विमाकाका म्हणजे काय प्रकार आहे, तुम्ही जाणताच. तीस-बत्तीस वर्षं सरकारी विमा कंपनीत क्लेम खात्यात काढली. आम्ही सगळे त्यांना टाळायचो, कारण वाहन विम्याचा विषय निघाला की सुटका नाही. ते म्हणाले, "मी आयुष्यभर असे क्लेम नाकारले आहेत. नाकारणाऱ्याला कशाची भीती वाटते ते मला विचारा." हे ऐकून वकीलमामांचा चेहरा... मी प्रत्यक्ष पाहिला नाही, पण वहिनी म्हणाल्या बघण्यासारखा होता.

काकांनी काय केलं, आधी सगळे कागद मागवले. पॉलिसीचं पुस्तक, नकाराचं पत्र, ईमेल, सगळं. आणि विचारलं, "फुल अँड फायनलचा हिशेब कुठाय?" धाकटा म्हणाला, त्यात काय, पगाराचा हिशेब आहे. काका म्हणाले, आण. आणि बघा गंमत! जो माणूस स्वतःहून नोकरी सोडतो आणि नोटीस पिरियड भरत नाही, त्याच्या पगारातून कंपनी नोटीस पे कापून घेते. कापतेच. आपल्या पुतण्याचा नाही का अख्खा महिना कापला होता? आणि इथे याने सकाळी काम केलं, संध्याकाळी राजीनामा दिला, नोटीसचा एक दिवस भरला नाही. तरी कंपनीने छदामही कापला नाही, उलट एक्स-ग्रेशिया म्हणून दोन महिन्यांचे पैसे वर दिले! काकांनी त्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "नोकरी सोडून जाणाऱ्याला कोणती कंपनी बक्षीस देते?" वहिनी सांगताना अजून शहारतात. धाकटा तर त्या कागदाकडे बघतच राहिला. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडला होता तो.

मग एकेक निघायला लागलं. मीटिंगचं इन्व्हिटेशन, त्यात विषय लिहिलेला, 'रोल डिस्कशन'. एचआरने पाठवलेला राजीनाम्याचा मसुदा, दुपारी तीन वाजून काही मिनिटांचा. आणि याचा राजीनामा त्याच दिवशी पाचचा, शब्द न्‌ शब्द तोच. नशीब, याने ते ईमेल स्वतःच्या खाजगी पत्त्यावर मागवले होते, नाहीतर ऑफिसचं अकाउंट त्याच रात्री बंद झालं. पीएफचं पासबुक काढायला लावलं काकांनी, त्यात पुढचे महिने जमा शून्य. म्हणजे पोरगा खरंच घरी बसला होता, गुपचूप दुसरीकडे लागला नव्हता, याचा पुरावा. मी तर म्हटलं, बाई बाई, असं कोणाला सुचतं?

अहो, आणि एक सांगायचं राहिलं. काकांनी सुप्रीम कोर्टाची एक केस सांगितली, २०२२ ची. एका व्यापाऱ्याचं दुकान तळघरात. विमा त्याच दुकानाचा काढला. कंपनीची माणसं येऊन दुकान बघूनसुद्धा गेली. हप्ता घेतला. मग लागली आग. तर कंपनी म्हणते, आमच्या पॉलिसीत तळघर बसत नाही! कोर्टाने चांगलं फटकारलं. म्हणाले, जी अट तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलीच नाही आणि जिच्यामुळे विम्याला काही अर्थच उरत नाही, तिच्यामागे लपता येणार नाही. मी हे आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपर खाली न करता म्हणाले, "आपल्याला कुठे तळघर आहे?" यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

तर काय सांगत होते... हां, तक्रार. आधी विमा कंपनीच्याच ग्रीव्हन्स ऑफिसरला लिहायचं असतं, थेट वर जाता येत नाही. त्यांनी दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं. उत्तर आलं, पण तेच जुनं, तारीख बदलून. सरकारचं ते 'बीमा भरोसा' म्हणून पोर्टल आहे ना, आयआरडीएआयचं, तिथेही टाकलं. फोन करायचा तर १५५२५५. तिथून ती तक्रार पुन्हा कंपनीकडेच जाते, पण जाते ती वरून, म्हणजे जरा वचक. तरी ढिम्म. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की मग विमा लोकपाल. त्यासाठी वर्षभराची मुदत असते, पण काका म्हणाले मुदतीची वाट बघणारे माझ्या ओळखीचे सगळे मुदतीनंतरच पोचले.

लोकपालांचं ऑफिस कुठे माहितीये? अगदी आपल्या गावात, नारायण पेठेत! न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं त्या रस्त्याने तुळशीबागेत गेले असेन, कधी मान वर करून बघितलं नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते, पण काका स्वतः गेले, कागद हातात देऊन पोच घेऊन आले. पोच हातात असल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. फी काय असेल म्हणता? काही नाही. एक पैसा नाही. आणि वकील? चालत नाही! तिथे वकील उभाच करू देत नाहीत. ज्याची तक्रार त्याने स्वतः बोलायचं. वकीलमामांनी तोवर कोट इस्त्रीला दिला होता हो. वहिनींनी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अस्सं," आणि मग दिवाळीपर्यंत फोन नाही. लोकपालांना पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा करता येतो, आपलं तर सव्वा लाखाचं प्रकरण. पण वहिनी म्हणायच्या, पैशाचं नाही हो काही, त्या पत्रात माझ्या मुलाला खोटं पाडलंय. पैशाचंही होतंच. हप्ते चुकू नयेत म्हणून वहिनींनी पाटल्या मोडल्या, हे मला सराफाकडच्या बाईंकडून कळलं. तुम्ही बोलू नका कुठे.

माझी नणंद म्हणाली, तुमच्याकडे आत्ता आलं हे, आमच्याकडे होऊन गेलं. ती लेस्टरला असते ना. विलायतेत बँकांनी हाच विमा, पीपीआय म्हणतात त्याला, कर्जाबरोबर, क्रेडिट कार्डाबरोबर लाखो लोकांच्या गळ्यात मारला. ज्यांचा स्वतःचा धंदा, ज्यांना नोकरी जाण्याचे पैसे कधी मिळूच शकत नव्हते, त्यांच्यासुद्धा! क्लेम केला की, नाही बसत. मग लोक चिडले. बँका २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टात हरल्या आणि पैसे परत द्यायची रांग लागली. किती? ३८ अब्ज पौंडांच्या वर! शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९, आणि ती लोकांच्या लक्षात राहावी म्हणून टीव्हीवर जाहिरात कोणाची, तर अरनॉल्ड श्वार्झनेगरची. त्याचं नुसतं मुंडकं, खाली रणगाड्यासारखे पट्टे, आणि ते दुकानात जाऊन लोकांवर ओरडतंय. नणंद सांगते, नातू घाबरून रडायचा. तिला स्वतःलाही चेक आला म्हणे. किती ते मात्र सांगितलं नाही. ती पहिल्यापासून तशीच.

तर सुनावणी. दिवाळीच्या आधी होती, व्हिडिओ कॉलवर, घरूनच. आता मी तिथे कशी होते असं विचाराल. मुद्दाम नव्हते गेले! विरजण संपलं होतं माझं. वाटी घेऊन गेले तर वहिनींनी तोंडावर बोट ठेवून आत ओढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. आतमध्ये चकल्या तळायच्या अर्धवट राहिलेल्या. बाहेर टेबलावर लॅपटॉप, धाकटा शर्ट इन करून बसलेला, खाली घरातलीच चड्डी, आणि काका कॅमेऱ्याबाहेर मोड्यावर, हातात पेन्सिल.

विमा कंपनीकडून एक मुलगी होती. तयारीची. आधी रिलीव्हिंग लेटर दाखवलं. मग म्हणाली, सर, अजून एक कागद सादर करायचा आहे. आणि स्क्रीनवर काय लावलं असेल? धाकट्याची लिंक्डइनवरची पोस्ट! नोकरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी टाकलेली. हसरा फोटो. बऱ्याच विचारांती मी हा निर्णय घेतला आहे, सहकाऱ्यांचा ऋणी आहे, एक्सायटेड फॉर द नेक्स्ट चॅप्टर. खाली दोनशे लोकांची अभिनंदनं. आपल्या तगरवाल्या काकूंच्या मुलाचंसुद्धा, टाळ्या वाजवणारे हात.

अहो, त्या खोलीत काय झालं सांगू! काकांची पेन्सिल थांबली. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. धाकटा लाल. लोकपाल साहेब शांतपणे म्हणाले, हे तुम्ही लिहिलंय का? तो म्हणाला, हो. मग का लिहिलंत? तर याच्या तोंडून शब्द फुटेना. आणि मग वहिनी... मी त्यांचा पदर धरला होता, खरंच धरला होता, पण सुटला. तशाच पिठाच्या हातांनी कॅमेऱ्यासमोर गेल्या. म्हणाल्या, "साहेब, मी आई त्याची. लोकांना काय सांगायचं म्हणून लिहिलं त्याने. मी पण हळदीकुंकवात हेच सांगितलं सगळ्यांना. काढून टाकलं असं कोण लिहितं हो फोटोखाली?"

एवढी शांतता! ती कंपनीची मुलगीसुद्धा खाली बघायला लागली. तिचीही नोकरीच आहे बिचारीची. साहेब म्हणाले, "ठीक आहे आई, तुम्ही बसा." आणि मग धाकट्याला कंठ फुटला. त्याने तो हिशेबाचा कागद दाखवला, एक्स-ग्रेशिया दाखवलं, मसुद्याची वेळ आणि राजीनाम्याची वेळ दाखवली. साहेबांनी कंपनीच्या मुलीला एकच विचारलं. पोस्ट शोधलीत, मग मालकाला फोन करून विचारलंत का, की ही जागा का रद्द झाली? ती म्हणाली, रेकॉर्डवर तसं काही नाही सर. काकांनी मोड्यावरच मांडीवर थाप मारली, त्याचा आवाज तिकडे गेला असणार. कढईतली शेवटची घाणी मात्र कोळसा झाली. वहिनींनी ती तशीच डब्यात भरून ठेवली, मी पाहिलंय.

निकाल आत्ता संक्रांतीच्या सुमारास आला. हा राजीनामा स्वेच्छेचा म्हणता येत नाही, मालकाने जागा कमी करताना तो घेतला आहे, तिन्ही हप्ते द्या. तीस दिवसांत. कंपनीवर ते बंधनकारक असतं. आपल्याला पटलं नाही तर आपण ग्राहक आयोगात जाऊ शकतो, ते नाही म्हणू शकत नाहीत. सगळ्यांना असंच मिळतं असं नव्हे हं. काका बजावून सांगतात, तो हिशेबाचा कागद आणि ते ईमेल नसते तर त्यांनी स्वतःच हा क्लेम नाकारला असता. धाकटा श्रावणातच खराडीला लागला, पगार जरा कमी, बस अजून लांबची. पण लागला.

आणि आनंदात पेढे वाटायला काकांकडे गेले तर काकांनी काय करावं? कॅल्क्युलेटर काढला! म्हणाले, ७२,००० कर्जात मिळवलेत, वीस वर्षं साडेआठ टक्क्यांनी फेडणार, म्हणजे दीड लाखाच्या घरात जातात. आणि विमा किती वर्षांचा? पाच! पाच वर्षांनी विमा संपला, हप्ता मात्र पुढे पंधरा वर्षं चालूच. मिळाले किती, एक लाख बत्तीस हजार. वहिनींच्या यजमानांनी पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच गालात राहिला. "म्हणजे आपण घरातूनच..." एवढं म्हणाले. काका म्हणाले, आजार नि अपघाताचं संरक्षणही होतं त्यात, अगदीच वाया नाही. पण मला विचाराल तर मला ते पटलं नाही. पॉलिसी हातात आल्यावर आता तीस दिवसांत परत करता येते म्हणे, पण पॉलिसी हातात आल्यावर ती उघडतं कोण? आम्ही तर देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवतो.

बरं, हे सगळं मी दुपारी आमच्या ह्यांना सांगत होते तोच बेल वाजली. कोण असेल? तगरवाल्या काकू! हातात कापडी पिशवी, पिशवीत फाइल. मोशीला जावयाने फ्लॅट घेतलाय ना, त्याच्या कर्जाचं स्टेटमेंट. पहिल्याच पानावर, कर्जाच्या रकमेखाली, बारीक अक्षरात ६४,०००. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, आई, ते काहीतरी प्रोसेसिंगचं असेल. काकू म्हणाल्या, प्रोसेसिंगचं नाही ते, मला माहितीये कशाचं आहे ते. त्यात जावयाच्या ऑफिसात गेल्या आठवड्यापासून रिस्ट्रक्चरिंगच्या मीटिंगा चालू झाल्यात. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या हो. मी पाणी दिलं, बसवलं. म्हटलं, विमाकाकांकडे चला, मी येते सोबत. तर म्हणाल्या, काकांकडे जाऊच, पण आधी तुम्ही एक सांगा, तुमच्या सुनेला येत असेल बघा, "ते लिंक्डइन बंद कसं करतात?"